शेवंती लाल कशी झाली

"लाल झालं! फूल लाल झालं!"

मखमलाबादच्या मंडपात एकच गलका उठला. महाराजांनी काल संध्याकाळी तांब्याच्या कलशात खोचलेली पांढरी शेवंती सकाळी काठाकाठानं लाल झाली होती.

"रोग फुलानं प्याला, माई!" महाराज गरजले. "आता गोळ्या गोदेत सोडा. औषध घ्याल तर फुलाचा अपमान!"

फुलाला कसला मान नि कसला अपमान, कुणी विचारलं नाही. कुसाबाईंनी पदर पसरला. त्यांच्या लेकाला, भारतला फिट यायची.

"आई, डॉक्टर म्हणालेत, गोळी चुकवू नको," भारत कुरकुरला.

"डॉक्टर देवापेक्षा मोठा हाय का?"

आईचा शब्द त्यानं मोडला नाही; गोळ्या गोदेत गेल्या. थोड्याच दिवसांत, शेतात शेवंतीची तोडणी चालू असतानाच तो मोटार लावायला विहिरीवर गेला, तिथं फिट आली आणि तो पाण्यात पडला. माणसं धावेपर्यंत सगळं संपलं होतं.

"श्रद्धा उणी पडली," महाराज म्हणाले. कुसाबाईंनी तेही खरं मानलं. कीर्तनात टाळ वाजू लागले की त्या खांबाआड बसून रडायच्या.

एका सकाळी खिडकीतल्या काचेच्या ग्लासात त्यांना लाल शेवंती दिसली.

"कुणी केलं गं हे?"

"मीच, आजी. शाळेचा प्रयोग हाय," भारतची लेक निकिता म्हणाली. "पाण्यात खायचा लाल रंग कालवला. देठ पाणी वर ओढतो, त्याच्यासंगं रंग पाकळीत जातो."

कुसाबाई बघत राहिल्या. जन्मभर शेवंती पिकवली. पण हाराचं फूल देठाविना खुडायचं, पाटीत टाकायचं, बाजारात न्यायचं. खुडलेली शेवंती पाणी पिते, हे कधी पाहिलंच नव्हतं. आणि तांब्याच्या कलशातलं पाणी कुणाला दिसणार?

"मग तुझ्या बापाचा रोग..."

"नाय आजी. फुलानं रंगच प्याला."

एकादशीच्या कीर्तनात कुसाबाई तो ग्लास घेऊन उभ्या राहिल्या. कीर्तनकार बुवांनी वीणा थांबवली. कुसाबाईंनी सगळं सांगितलं.

"म्हातारीचं डोकं फिरलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"लेक गेल्यावर फिरलं, बाबा. तुमचं लेकरू जायच्या आधीच फिरू द्या. मी पांडुरंगाला सोडलं नाय. पण चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी कलशात वाकून बघा."

पुढं बसलेल्या मंजुषानं तोंडाला पदर लावला. तिच्या आजारी पोरीचं फूल महाराजांच्या कलशात कालच लाल झालं होतं.

"मंजुषा, गोळ्या टाकल्यास का गं?"

"नाय मावशी. फडताळात हायेत."

"मग ऊठ. आरती आम्ही करतो. तू पोरीला गोळी दे."