सुपाऱ्यांपुढचं नाटक

पहाटे उठून मी मोठ्या घमेल्यात पाट टाकते आणि त्यावर बसून आंघोळ करते. साबण लावत नाही. डाळीचं पीठ असलं तर ते, नाहीतर नुसतं पाणी. कारण ते घमेल्यातलं पाणी पुढं बागेत जायचं असतं. माझी आंघोळ, देवाची आंघोळ, तांदळाचं धुवण, सगळं एका बादलीत. मग बागेत जाऊन एकेका वाफ्याला तांब्या तांब्या घालायचं आणि ज्या बाईचा वाफा तिचं नाव घ्यायचं. केसरबाई. सावित्रीबाई. बायनाबाई. भिवराबाई. सगळ्या झाल्या की हात जोडायचे, घरी यायचं, मग तोंडात घास. दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी हा नेम मी धरला.

बाग म्हणजे आमच्या महिला सोसायटीची. शिरूर कासारच्या पुढं, माळाला लागून आमचं गाव. शाळेमागची पडीक जागा सोसायटीनं मागून घेतली, अकरा बायांनी दगड वेचले आणि अकरा वाफे पाडले. ज्याचा त्याचा वाफा, पण कुंपण एक, पाण्याचा पिंप एक. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि आमचं गाव उसाला जातं. नवरा-बायको जोडीनं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, बिनजोडीची माणसं आणि कुत्री. मी बिनजोडीची. हे जाऊन बरीच वर्षं झाली.

गाडी निघताना धाकटी जाऊ भिवराबाई वर चढली आणि परत खाली उतरली. माझा हात धरून म्हणाली, "आक्का, माझा पालक जगव. परत आल्यावर घरात काय नसलं तरी बागेत हिरवं दिसलं पायजे. न्हाई तर मला वाटंल, आपुन चुकीच्या गावात उतरलो."

बाकीच्या गाडीतूनच ओरडल्या, "आमचं बी बघा, आक्का!"

मी म्हणाले, "बघते." मी एवढंच बोलते. पण शब्द दिला म्हणजे दिला.

संध्याकाळचा माझा दुसरा नेम. तुळशीपाशी दिवा लागला की मौन, ते सकाळच्या आंघोळीपर्यंत. बोलायला कुणी नाही म्हणून गप्प बसणं वेगळं आणि देवासाठी गप्प बसणं वेगळं. पहिल्यात घर अंगावर येतं. दुसऱ्यात निदान कुणीतरी ऐकतंय असं वाटतं.

पौषात सोसायटीचे चिटणीस राधाकिशन घरी आले. सोसायटी बायांची, पण कागद हलवायला राधाकिशन. ओसरीवर बसून म्हणाले, "काकू, नाटक मंजूर झालं!"

मला आठवायला वेळ लागला. आषाढात सगळ्या बाया गावात होत्या तेव्हा सरकारची एक योजना आली होती. गावच्या सामाईक बागेत, उघड्यावर, संगीत नाटकाचा प्रयोग. नाटक मंडळीचा खर्च सरकारचा आणि ज्या बागेत प्रयोग होईल त्या बागेला पाण्याची मोठी टाकी. टाकीसाठी सगळ्यांनी अंगठे उठवले. भिवराबाईनं मात्र नाटकासाठी उठवला होता. "टाकीचं टाकी बघंल," ती म्हणाली होती, "मला त्या पेटीवालं गाणं ऐकायचंय. जल्मात तमाशाबी बघू दिला न्हाई कुणी."

"आता?" मी विचारलं. "आता गावात कोण आहे?"

"सरकारचं असंच आसतंय काकू. आषाढातलं पौषात येतंय. ह्या महिन्यात न्हाई केलं तर गेलं, टाकीबी गेली."

"वाफ्यांना धक्का लागायचा नाही ना?"

"छ्या! लोक वाटंवर बसतील, नटमंडळी कुंपणापाशी उभी ऱ्हातील. तुमच्या पालकाचं पान हलणार न्हाई."

प्रयोग दुपारी चारला ठरला, सूर्य बुडायच्या आत आटपायचा. मला बरं वाटलं. दिव्याच्या वेळेला मी मोकळी होणार होते.

त्या दिवशी वाट झाडून घेतली. चार वाजले. पाच वाजले. चौसाळ्याच्या पुढं मंडळींच्या टेम्पोचं चाक बसलं, असा निरोप आला. मागोमाग तपासणीला येणारे साहेबही थांबले. गावातली म्हातारी माणसं तोवर येऊन वाटेवर बसली. आश्रुबा सगळ्यांत पुढं, काठी मांडीवर घेऊन. "चालू करा की बे," ते रिकाम्या जागेला म्हणत होते, "आमाला वर बी जायचंय."

उन्हं खाली उतरली. मी घरी जाऊन तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले आणि माझं मौन सुरू झालं. परत बागेत येते तो टेम्पो आलेला, मागं साहेबांची गाडीही. पेटी, तबला, एक पत्र्याची पेटी, गळ्यात चमकी लावलेली एक मुलगी आणि बद्रीनाथबुवा. बुवा यमाचं काम करणारे. सावित्रीची कथा होती. सत्तरीचे असतील, तोंडाला रंग टेम्पोतच लावलेला, अर्धा पुसलेला.

साहेबांनी हातातला मोबाइल उभा धरून बागेकडं पाहिलं. म्हणाले, "राधाकिशनराव, वाटेवर कार्यक्रम झाला तर फोटोत नुसता मुरूम दिसणार. योजना बागेतल्या प्रयोगाची आहे. हिरवं मागं-पुढं दिसायला हवं. आणि सदस्य महिला कुठं आहेत?"

"हायत की," राधाकिशन म्हणाले. "म्हंजे, येत्यात." आणि लगेच स्वतःच सतरंजी ओढत वाफ्यांकडं वळले. "हितं टाकू. भाजीवर बसलं तर काय हुतंय? भाजी परत येती. टाकी परत येत न्हाई."

सतरंजीचं टोक केसरबाईच्या कोथिंबिरीवर पडलं.

मी पुढं झाले. तोंड उघडलं आणि मिटलं. बोलता आलं असतं. देवानं काही जीभ बांधली नव्हती. पण नेम सोडला तर उद्या सकाळी कुठल्या तोंडानं नावं घेऊ? आणि नाही बोलले, तर कुठल्या वाफ्याला पाणी घालू? दोन्ही शब्द मीच दिलेले. मी सतरंजीचं टोक धरून मागं ओढलं.

"काकू, तोंडानं सांगा ना काय ते!" राधाकिशन वैतागले.

"तिचं मौन हाय बे," आश्रुबा म्हणाले. "दिवा लागला न्हाई का? तुझ्या घरी न्हाई लागत व्हय?"

मी घरी पळाले. माझं पळणं म्हणजे काय, पण पळाले.

आमच्याकडं संक्रांतीला उसाला गेलेल्या बायांची सुपारी मांडतात. गेलेली बाई लांब असली तरी तिच्या नावाची सुपारी पाटावर ठेवायची, तिला हळदकुंकू लावायचं, तिचं वाण तिच्यापुढं ठेवायचं. सुपारी मांडली की ती बाई तिथं बसली, असं धरतात. मग तिला कुणी ओलांडत नाही. त्या वर्षी घरोघरी मांडायला कुणी नव्हतं म्हणून सगळ्यांच्या सुपाऱ्या मीच मांडल्या होत्या. मी हळदीकुंकवाची नाही. जिवंत सवाष्णीला मी कुंकू लावायला गेले तर ती मागं सरेल. सुपारी सरत नाही. सुगडात उसाचं कांडं ठेवताना मात्र माझा हात थांबला होता. त्यांना ऊस कशाला द्यायचा?

त्या सुपाऱ्या लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेल्या होत्या. फडकं उचललं, देवापुढची विड्याची पानं घेतली आणि तशीच बागेत आले. राधाकिशननी दुसरी सतरंजी उलगडायला घेतली होती. मी केसरबाईच्या वाफ्याच्या कडेला विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. हळदीच्या बोटाचा डाग अजून तिच्यावर होता. मग सावित्रीबाईच्या. मग बायनाबाईच्या. भिवराबाईच्या पालकापाशी जरा जास्त वेळ लागला, कारण पान वाऱ्यानं उडत होतं. एक खडा ठेवला.

सगळे बघत राहिले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सदस्य," आश्रुबा म्हणाले. "तुमाला सदस्य पायजे हुते न्हाई का साहेब? आल्यात. मोजून घ्या."

मागं दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या. त्यातली एक केसरबाईची सासू. ती काठी टेकत उठली आणि सुपारीपुढं वाकून म्हणाली, "केसर, पदर सांभाळ गं, मुरूम लई हाय." मग राधाकिशनकडं वळून, "आन् तू रं, माझ्या सुनंच्या आंगावर सतरंजी टाकतूस?"

राधाकिशन लाल झाले. "अवो पण फोटू..." एवढं म्हणून त्यांनी सतरंजी हातात गोळा केली. पाय मात्र एकदम मागं घेतला, सुपारीपासून वीतभर लांब. त्यांच्या घरीही संक्रांत होतीच.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण नाटक बागेत पाहिजे. कलाकार कुठं उभे राहणार?"

बद्रीनाथबुवा इतका वेळ टेम्पोला टेकून बघत होते. पुढं येऊन त्यांनी मलाच विचारलं, "बाई, माझ्यापुरती जागा आहे का?"

मी बागेकडं पाहिलं. अकरा वाफे. दहांवर सुपारी. अकरावा माझा. त्याच्यावर सुपारी नव्हती. गावात हजर असलेल्या बाईची सुपारी मांडत नाहीत. माझी मेथी चांगली बोटभर वर आली होती, सोमवारी खुडायची होती.

मी माझ्या वाफ्याकडं हात केला.

बुवांना कळलं. त्यांनी पायातले चढाव काढले, बाजूला नीट ठेवले आणि अनवाणी मेथीत उतरले. पेटीवाला आणि तबलजी वाफ्याच्या काठाला बसले, ती मुलगीही अंग चोरून उभी राहिली. मेथी दबल्याचा वास आला. हिरवा, कडवट.

नाटक सुरू झालं. यम सत्यवानाचे प्राण घेऊन चालला आहे आणि सावित्री मागं मागं. चालायला तिथं जागा नव्हती. वाफ्यातल्या वाफ्यात यम दोन पावलं टाकायचा आणि सावित्री दोन. प्रेक्षक वाटेवर, वाफ्यांच्या पलीकडं; त्यामुळं बुवांच्या अगदी समोर बसल्या होत्या त्या सुपाऱ्या. पहिलं पद ते त्यांच्याकडं बघूनच म्हणाले. आवाज फाटलेला होता, पण वरच्या सुराला गेला की एकदम साफ व्हायचा, जसं गढूळ पाणी फडक्यातून उतरतं. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी सांगायला कुणी नव्हतं. असतं तरी मी बोलले नसते. पण भिवरा असती तर तिनं माझ्या कमरेला चिमटा घेतला असता, आणि मला तो आत्ता पाहिजे होता.

पद संपलं. आमच्या म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायची सवय नाही, देवापुढं सोडून. बुवा वाट बघत थांबले. मग कानाला हात लावून म्हणाले, "पुन्हा म्हणा असं समोरच्यांनी म्हणायची पद्धत असते. समोरची मंडळी लाजतायत. मीच म्हणतो." आणि तेच पद पुन्हा, पहिल्यापेक्षा सावकाश, एकेका वाफ्याकडं वळत म्हटलं. केसरबाई. सावित्रीबाई. बायनाबाई. नावं त्यांना ठाऊक नव्हती, ती मी मनात घेतली.

पुरता अंधार पडायच्या आत सावित्रीला सत्यवान परत मिळाला. साहेबांचे फोटो निघाले. त्यांत बुवांच्या पायाशी हिरवं आलं होतं. राधाकिशननी टाकीचं विचारलं तर साहेब "वर पाठवतो" म्हणाले. निघताना बुवा माझ्यापाशी आले. पायाला मेथी चिकटलेली. "बाई, वाफा गेला तुमचा," म्हणाले. मी मान हलवली. ते थोडा वेळ थांबले, मी काही बोलेन म्हणून. मग नमस्कार करून टेम्पोत बसले. त्यांना वाटलं असेल, बाई रागावली. त्या आवाजाला मला एक शब्द द्यायचा होता, आणि तेवढा मात्र राहून गेला.

मी सुपाऱ्या गोळा करून लाल फडक्यात बांधल्या.

सकाळी आंघोळीचं पाणी घेऊन बागेत गेले. कोथिंबीर उभी होती, पालक उभा होता. माझ्या वाफ्यात चिखलावर पावलांचे ठसे, आणि त्यांत मेथी निजलेली. तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. भिवरा. मागं कोयत्यांचा आणि पाचटाचा आवाज.

"आक्का, नाटक झालं म्हनं! केसरच्या सासूनं सांगितलं. मी व्हते म्हनं की तिथं?"

"होतीस. सगळ्यांत पुढं."

ती खळखळून हसली. "मग तिकिटाचं पैशे कावून मागत न्हाई कुणी माझ्याकडं! माझ्या जागी कुणी बसलं तर न्हाई ना?"

"कुणी नाही."

"पालक?"

"आहे. कालच्यापेक्षा हिरवा."

"आन् गाणं?"

"दोनदा म्हटलं त्यांनी. दुसऱ्यांदा तुझ्याकडं बघून."

पलीकडं कोयत्याचा एक घाव ऐकू आला, मग दुसरा. मग तिनं विचारलं, "आन् आक्का, तू कुठं बसलीस?"

"मी उभी होते. पिंपापाशी."

"सगळं नाटक?"

"हो."

"कावून गं? तुझा वाफा..." तेवढ्यात मुकादमाची हाक आली आणि फोन बंद झाला.

तांब्यात पाणी उरलं होतं. दहा नावं घेऊन झाली होती. मी मेथीपाशी बसले, ठशांतलं एकेक रोप बोटानं उभं केलं. काही उभी राहिली, काही पुन्हा पडली. उरलेलं पाणी पडलेल्यांना घातलं.