टोक नसलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे, पण मला टोक नाही. हसू नका! घडवणाऱ्यानेच मला मुद्दाम बोथट ठेवलं.

मुलुंडच्या एका केंद्रात स्वमग्न मुलांसाठी सुयांचा उपचार खरंच उपयोगी पडतो का, याची चाचणी चालू होती. काही मुलांना खऱ्या सुया टोचायच्या, काहींना माझ्यासारख्या नुसत्या टेकवायच्या. कुणाला कोणती, हे फक्त डॉक्टर गार्गींना ठाऊक होतं. मुलांच्या आयांना एवढंच सांगितलं होतं की सुया दोन प्रकारच्या आहेत.

माझ्या वाट्याला यज्ञेश आला. सहा वर्षांचा, न बोलणारा, कुणाचा हात लागला की किंचाळणारा. त्याची आई रुचिरा फोन बाहेर ठेवून त्याच्या शेजारी बसे. मी त्याच्या मनगटाला टेकले की दोघंही गप्प होत.

हळूहळू तो स्वतःहून मनगट पुढे करू लागला. घरी शांत झोपू लागला. "सुईचाच गुण!" असं रुचिरा भेटेल त्याला सांगे. खोटं कशाला बोलू, कौतुकाने मी फुलून जायचे. पण मी तर टोचतच नव्हते. मग गुण आला कुठून? विचार करून माझं डोकं भणभणायचं.

त्यात एकदा, त्यांच्या घरी राहायला आलेली त्याची मालवणची आजी शेवंती केंद्रात आली. "सुयो कसल्यो? मी रोज मीठमोहरीन दृष्ट काढतंय, तेचा काय?"

गार्गींनी कपाळावर हात मारला. "आजी, दुसरा उपाय करायचा नाही, असं सांगितलं होतं ना!"

"दृष्ट म्हणजे उपाय काय गो?"

चाचणी संपली. टोचलेल्या आणि नुसत्या टेकवलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांत जवळजवळ सारखाच फरक पडला होता. गार्गींनी रुचिराला माझी हकीकत सांगितली, तेव्हा तिचा चेहरा पडला.

"म्हणजे मी बघितलं ते सगळं खोटं?"

"तो झोपतोय, ते खरं आहे. कशामुळे, ते मला सांगता येत नाही."

"मग उद्यापासून मी काय करू? तो परत पूर्वीसारखा झाला तर?"

गार्गींनी मला पुसून ट्रेमध्ये ठेवलं.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या यज्ञेशने मला ट्रेमधून उचललं. आईचं मनगट धरलं, मला त्यावर टेकवलं आणि तिच्या शेजारी गप्प बसून राहिला. रुचिरा रडत होती, पण तिने हात हलवला नाही.

आता मी त्यांच्या घरी एका डबीत असते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी काय केलं, हेच मला अजून कळलेलं नाही. एवढंच मागते, कुणी तुमचा हात धरून गप्प बसलं, तर तो लगेच सोडवून घेऊ नका.