ट्रॅकमधला माणूस

शिवकन्या धर्मापुरीची. तिचे वडील रामकिसन बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. लग्नसराई संपली की वाद्य खुंटीला लागायचं, आणि शाळेतून आली की शिवकन्या ते उतरवून फुंकत बसायची. पोरीच्या जातीला हे कसलं खूळ, असं गाव म्हणायचं. रामकिसननं मात्र तिला कधी अडवलं नाही.

बारावीनंतर ती पुण्याला मावशीकडे गेली आणि तिथं जॅझ शिकली. पाठ केलेलं वाजवायचं नाही, त्या घडीला सुचेल तसं पुढं जायचं, हे तिला एवढं भावलं की दुसरं काही करायचं तिच्या मनात आलंच नाही. पोटासाठी ती स्टुडिओत जायची. कानाला हेडफोन लावायचे, सांगितलेल्या चार ओळी वाजवायच्या, घरी यायचं. एकदा एका सिनेमाच्या गाण्यात मधली जागा मोकळी होती. "भर काहीतरी," संगीतकार म्हणाला. तिनं डोळे मिटून वाजवलं आणि पहिल्याच फटक्यात ते ठेवलं गेलं. गाणं गाजलं. लग्नाच्या वरातीत, लोकांच्या मोबाईलवर, सगळीकडे तिचा तो तुकडा वाजू लागला. गाण्याखाली गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं. तिचं नव्हतं.

पुढं स्टुडिओत संगणकावरच सॅक्सोफोन वाजायला लागले. मग शनिवार-रविवारी हॉटेलात, जेवणाऱ्या लोकांपुढं वाजवणं एवढंच उरलं.

यंदा पालीच्या आप्पारावांच्या मुलाचा साखरपुडा ठरला. आप्पाराव म्हणजे भागातले मोठे पुढारी. त्यांच्या माणसानं रामकिसनला फोन केला, "तुमची पोरगी म्हणं सॅक्सोफोन वाजवती. बाई स्टेजवर असली की शोभा येती." शिवकन्या हरखली. आपल्या माणसांपुढं ती प्रथमच वाजवणार होती. वडिलांच्या बँडची एक जुनी चाल घेऊन तिनं तिच्यावर नवा साज चढवला, आठवडाभर घासली.

दुपारी ती वडिलांबरोबर मंडपात पोचली तेव्हा साउंडवाला प्रविण वायरी जोडत होता.

"ताई, तुमी नुसतं तोंडाला लावून उभं ऱ्हा. रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतो मी."

"मग मला कावून बोलावलं?"

"दिसाया पायजे ना कुणीतरी." त्यानं बटण दाबलं. तेच सिनेमाचं गाणं लागलं, आणि मधला तिचाच तुकडा. "ऐका. ह्या ट्रॅकमधला माणूस लई भारी वाजवतो."

"तो माणूस मीच हाय."

प्रविण हसला नाही. "मागं जालन्याचा एक जण बी असंच म्हणला होता," तो शांतपणे म्हणाला.

शिवकन्येनं सॅक्सोफोन काढला आणि तिथंच वाजवून दाखवलं. सुरुवात जमली, पण पुढं बोटं दुसरीकडेच वळली. तो तुकडा तिनं त्या दिवसानंतर कधी वाजवलाच नव्हता.

"हे येगळं हाय ताई."

"ते त्या दिवशी सुचलं होतं. रोज तेच कसं सुचंल?"

"म्हंजी येत न्हाई," प्रविण म्हणाला आणि वायरींकडे वळला.

ती स्वयंपाकाच्या मांडवामागं गेली. मोबाईलवर गाणं लावून स्वतःचाच तुकडा सूर न् सूर पाठ करत बसली. आचारी येता-जाता बघत होते. आपणच वाजवलेलं चोरून शिकतोय असं तिला वाटत होतं आणि राग गिळताना ओठ वाद्याला नीट धरत नव्हते. शेवटी जमलं. तिनं प्रविणला गाठलं. "जसंच्या तसं वाजवते. माईक चालू कर."

"साहेबांनी ट्रॅकच सांगितलाय. माज्या हातात काय न्हाई."

ती स्टेजवर चढली. ट्रॅक सुरू झाला. ती खरोखर वाजवत होती, पण स्पीकरच्या दणक्यात तिचा सूर तिलाही ऐकू येईना. तिनं सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि हात खाली सोडून उभी राहिली. तुकडा चालूच राहिला. कुणी मान वर केली नाही. लोक फेटे सावरत फोटो काढत होते. फक्त व्हिडिओवाला ओरडला, "ताई, तोंडाला लावा की, शूटिंग बिघडतंय."

ती खाली उतरली आणि वाद्य पेटीत ठेवलं.

प्रविणशी झालेलं तिचं बोलणं रामकिसननं ऐकलं होतं. परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, "ते गाण्यातलं खरंच तुजं हाय?"

"हो अण्णा."

"आमच्या बँडनं तेच बसवलंय. पोरं रोज वाजवत्यात. मला सांगितलं कावून न्हाई?"

"नाव नव्हतं कुठं. कशाच्या जोरावर सांगू?"

"माज्यापाशी नाव कशाला लागतं गं," ते म्हणाले.

सोमवारी ती पुण्याला परतली. काही दिवसांनी एका स्टुडिओला खराच सॅक्सोफोन हवा होता, म्हणून बोलावणं आलं. "वाजवते, पण गाण्याखाली माझं नाव पाहिजे," तिनं सांगितलं. बघतो म्हणाले आणि दुसऱ्याला बोलावलं. त्यानंतर दुसऱ्या स्टुडिओतून आलेल्या फोनवरही तिनं तेच सांगितलं. तिथून अजून कुणी कळवलेलं नाही.