हिवाळ्यातलं गाणं

चित्रकार दिराच्या प्रदर्शनात ती स्वतःच्याच चित्रासमोर उभी होती. अंगणभर बर्फ, टबात चादरी, तिचे लालबुंद हात आणि उघडं तोंड. खाली नाव होतं, ‘हिवाळ्यातलं गाणं’.

“राबतानाही किती आनंदानं गातेय ही बाई,” कुणीतरी म्हणालं. दीर ते ऐकून फुलून गेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गात कसली होती? ओली चादर एकटीला पिळवेना, म्हणून खिडकीआड शेगडीपाशी बसलेल्या दिराला हाका मारत होती. त्यानं काचेतूनच हात दाखवला होता, हलू नका म्हणून.

“भावजी,” ती भरल्या दालनात म्हणाली, “तेव्हा ऐकू आलं नसेल. चादरीचं दुसरं टोक धरायला येता का?”