बटणाचं अंथरूण

म्हणायला तंबू. आत मात्र लाकडी जमीन, पांढराशुभ्र पलंग, गरम पाण्याचा नळ, आणि दाराशी कुत्र्याचे पाय धुवायला वेगळा टब. थोरली शिवणकाम करणारी. तिने आत शिरताच आधी कापडी भिंतीचे टाके न्याहाळले.

"ताई, सुट्टीवर आलोय आपण," धाकटी हसली. "शिवण तपासायला नाही."

धाकटी जहाजावर नर्स होती. दोन वर्षांपूर्वी जाताना कुत्र्याचं पिल्लू थोरलीच्या मांडीवर ठेवून गेली, "सांभाळ गं तेवढं!" आता ती कायमची परतली होती. थोरलीला ही कुरणातली सुट्टी तिचीच भेट. सुट्टी संपली की कुत्रा धाकटीच्या घरी जाणार होता.

धाकटीने त्याचं नाव सरदार ठेवलं होतं. थोरलीने काळ्या, गोल नाकावरून बटण केलं. मशीनखाली तो लोळायचा आणि वर ती गुणगुणायची:

बटणाला काज, काजाला धागा,
माझ्या पायाशी तुझीच जागा.

तंबूबाहेरच्या पाटीवर तिथल्या मालकिणीने, धाकटीने कळवलेलं नाव घालून, खडूने लिहिलं होतं, 'सरदार, ये!' ते वाचून थोरलीने पाटीकडे पाठ केली. आणि तो लबाड धाकटीचं तोंड चाटत सुटलेला! उलट्या कुणी काढल्या, तापात उशाशी कुणी बसलं, आणि मिरवतंय कोण!

तिने त्याच्यासाठी अंथरूण शिवून आणलं होतं.

"किती मऊ गं!" धाकटी त्यावर गाल घासत म्हणाली. "तुझ्या हाताला तोड नाही, ताई."

थोरली कुरणाकडे बघत राहिली. अस्तराखाली तिने आपला वापरलेला, न धुतलेला गाऊन घातला होता. तिकडे त्याला माझा वास येऊ दे. माझ्यासाठी झुरू दे, कण्हू दे. कंटाळून धाकटीनेच त्याला परत आणून सोडावं!

दुपारी तिला धीर धरवेना. आपल्यावाचून तो झुरतो का, ते आताच बघायचं होतं.

"ओढ्यापर्यंत जाऊन येते."

"त्याला नेत नाहीस?"

"तुझाच ना तो आता? राहू दे तुझ्यापाशी."

ती जेमतेम झुडपाआड गेली आणि कान देऊन बसली. कापडाच्या भिंती, काही लपत नाही. आधी कुईकुई ऐकू आली. तिला ती मधासारखी गोड लागली. रड रे बाळा, अजून रड! मग धाकटीचा आवाज, "येईल हं ताई, येईल." मग काहीच नाही. वारा, गवत आणि ती जीव जाळणारी शांतता.

ती तरातरा परतली. बटण अंथरुणात गाढ झोपला होता. नाक नेमकं गाऊनच्या जागी खुपसलेलं, पाठ धाकटीच्या पावलांना टेकलेली. वास होता म्हणूनच तो निजला होता. शिवायला गेली हुरहूर, आणि शिवली गेली अंगाई.

धाकटी हळूच पाय सोडवून चहा करायला बाहेर गेली. थोरलीने पिशवीतली कात्री काढली. एक टाका तोडला, दुसरा, तिसरा. गाऊनचं विटकं टोक बाहेर आलं. बटणाने डोळे किलकिले करून तिला पाहिलं, त्या टोकावर हनुवटी ठेवली, सुस्कारा सोडला आणि पुन्हा झोपला.

तिचा हात तिथेच थांबला.

"काय झालं गं?" धाकटी कप घेऊन दारात उभी.

थोरली सुईत दोरा ओवत होती. "टाका सैल होता. दुहेरी घालते."

धाकटीने ते टोक ओळखलं. "तुझा गाऊन ना हा? त्याला करमावं म्हणून घातलास?"

"करमू नये म्हणून."

धाकटीचं हसू ओठांवरच विरलं. कप खाली ठेवून ती शेजारी बसली. "मग आता का शिवतेस?"

"झोपला ना मेला, तुझ्या पायाशी!" थोरली टाक्यावरची नजर न हलवता म्हणाली. "पण ऐकून ठेव. बटण म्हणायचं त्याला. सरदार म्हटलंस, तर येईन आणि सगळं उसवून घेऊन जाईन."

धाकटी वाकली. "बटण," ती हळूच म्हणाली.

डोळे मिटलेलेच, पण शेपटी हलली.

 थोरलीने दातांनी दोरा तोडला, हात फिरवून शिवण पाहिली, आणि दुहेरी टाक्यासाठी सुईत नवा दोरा ओवला.