इस्त्री केलेल्या पिशव्या

मांस कसल्या पिशवीत भरतात हे शिकायची वेळ माझ्यावर एकोणसत्तराव्या वर्षी आली. मी लतिका, सांगलीत सव्वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलेली बाई. जन्मात कधी अंड्याला हात लावला नाही, आणि जून महिन्यातल्या भर दुपारी अमेरिकेत, चँडलर गावातल्या शिकारीच्या दुकानात उभी! शेजारी माझा मुलगा शार्दूल, कार्टचा दांडा धरून. धरून कसला, दांड्याला टेकून. चार केमो झाल्या होत्या आणि बेचाळीस वर्षांच्या माणसाची पँट कमरेवर राहत नव्हती.

त्याला एल्कचं परमिट लागलं होतं. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. इथे ॲरिझोनात मनात आलं आणि मारलं असं चालत नाही. अर्ज करायचा, मग सोडत निघते, नशिबात असेल तर नंबर लागतो. शार्दूल अकरा वर्षं अर्ज करत होता. नंबर लागला तो नेमका त्या वर्षी, स्वादुपिंडाचा कॅन्सर कळल्यावर तीन महिन्यांनी. देवाला काही लाज आहे की नाही, सांगा!

त्याचं हे शिकारीचं खूळ मला कधीच पटलं नाही. त्याचे बाबा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हाच बजावलं होतं, तुझं जे काय असेल ते गॅरेजमध्ये. म्हणून गॅरेजात वेगळा फ्रीझर, मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळा तवा. लग्नाचा विषय काढला की हा निघाला जंगलात. "मेल्या, घरात पाय ठरतो का तुझा?" असं मी दिवसातून चारदा म्हणायची. आजार कळला आणि तो 'मेल्या' शब्द मी टाकला. ओठांवर यायचा, गिळून टाकायची.

पण परमिटचा ईमेल आला त्या दिवशी तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग मला काय झालं कोण जाणे, बोलून बसले, "आण तू. या वेळी मी शिजवीन. माझ्या ओट्यावर, माझ्या कढईत."

तो बघतच राहिला. "आई, शपथ?"

"शपथ."

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही जायला हो म्हटलं. आईच्या हातचं, तिच्या ओट्यावरचं, टेबलाशी बसून खायचं, एवढंच डोक्यात. म्हणून आम्ही त्या दुकानात.

त्यानं मला समजावून सांगितलं. एवढं जनावर अख्खं थोडंच आणता येतं? जागेवरच मोठे तुकडे करायचे, पिशव्यांत भरायचे, सावलीत टांगायचे. पिशवीनं माशा आणि धूळ अडवायची, पण वारा आत जाऊ द्यायचा, म्हणजे मांस गार होतं. प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की वाया गेलं.

"म्हणजे चक्का बांधायचं फडकं," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!"

भिंतीवर तीन प्रकार टांगले होते. एक पातळ जाळीदार मलमल, एकदा वापरायची आणि फेकायची. दुसरा सिंथेटिक, हलका. तिसरा चांगला जाड सुती. शार्दूलनं सरळ पहिला पुडा उचलून कार्टात टाकला. मी तो काढला आणि कापड बोटांत ताणून पाहिलं.

"हे कापड आहे? काटकीला लागलं की टरकेल."

"आई, एकदाच तर लागणार आहेत."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! "एकदाच काय म्हणून? पुढच्या वर्षी नाही जायचं? त्याच्या पुढच्या वर्षी?" मी एवढ्यानं ओरडले की पलीकडे बूट घालून बघणारा माणूस वळून पाहायला लागला.  शार्दूलनं पुडा परत खिळ्याला लावला.

मग म्हणाला, "बरं, या घेऊ. सिंथेटिक. धुतल्या की स्वच्छ, वास धरत नाहीत. ऋषीकडे याच आहेत."

ऋषी म्हणजे त्याच्या ऑफिसातला मित्र, नागपूरचा. शिकारीला दोघं बरोबर जायचे.

"मला कापड शिकवतोस? सुती घे. दहा वर्षं हलायच्या नाहीत."

"सुती सगळं शोषून घेतं यार, आई."

"घेऊ दे. धुवायला मी आहे ना?"

तो हरला. म्हणजे तो मुद्दाम हरला, हे आज कळतंय.

घरी आल्यावर मी त्या पिशव्या दोनदा धुऊन खळ काढली. कोपऱ्यांना दुहेरी शिवण घातली. नाड्या बदलल्या. प्रत्येकीला इस्त्री केली. आणि सप्टेंबरपर्यंत धूळ बसायला नको म्हणून माझ्या कपाटात ठेवून दिल्या, रेशमी साड्यांच्या मधोमध. मनात म्हटलं, बघ शार्दूल, गॅरेजातून कुठे आणून बसवल्या तुझ्या पिशव्या! माझ्या कपाटात कप्प्याकप्प्याला डांबराच्या गोळ्या असतात, पहिल्यापासून. ऋषी चेष्टा करायचा, "काकू, तुम्ही यायच्या आधी तुमचा वास येतो." मला मेला कसला वास? चाळीस वर्षं त्यातच वावरले.

सप्टेंबरात ऋषी त्याला गाडीनं उत्तरेकडच्या जंगलात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले. शार्दूलचा चेहरा राखेसारखा झालेला, पण डोळे असे चमकत होते! गाडीत बर्फाच्या पेट्या, पेट्यांत माझ्या पिशव्या, लाल झालेल्या. पिशव्या कामाला आल्या बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऋषीनं गॅरेजात बसून तुकडे केले, पाकिटं बांधून फ्रीझरमध्ये रचली. एरवी तोंडाची टकळी बंद नसायची त्याची. त्या दिवशी माझ्याकडे मान वर करून बघेना. दमला असेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शिजवलं. कांदा, खोबरं, आलं, भरपूर लसूण. मांस कढईत टाकायच्या आधी पदर नाकातोंडावरून घट्ट ओढून मागे खोचला, कारण तो वास मला सहन होणार नाही हे मला ठाऊक होतं. दीड तास ओट्यापाशी उभी राहिले. पदर तसाच ठेवून त्याला वाढलं.

तो टेबलाशी बसला. तिघा-चौघांना पुरेल एवढी हौस चेहऱ्यावर. पहिला घास घेतला आणि थांबला. मी घाबरले.

"काय रे? मीठ?"

"नाही. मस्त झालंय." मग हळूहळू चावत राहिला. ज्याला दोन चमचे मऊ भात जात नव्हता त्यानं वाटी संपवली. वर म्हणाला, "आई, अजून थोडं वाढ."

अजून थोडं वाढ! मी पदराआड रडले. नंतर त्याला बाथरूममध्ये भडभडून उलटी झाली, तेव्हा मी पाठ चोळत म्हटलं, दुखणंच तसलं, पोटात काही ठरत नाही. तोही "हो" म्हणाला. पुन्हा कर असं काही तो म्हणाला नाही, आणि नंतर त्याचं जेवणच सुटलं. नोव्हेंबरात शार्दूल गेला.

जानेवारीत ऋषी भेटायला आला. मी गॅरेजचा फ्रीझर उघडून दाखवला. "ही पाकिटं ने बाबा. मी काय करू त्यांचं?"

"राहू द्या, काकू."

"राहू द्या काय? एवढ्या कष्टानं आणलंत. ने म्हणते ना!"

"आमच्या फ्रीझरमध्ये जागा नाही."

"मग दोनच ने. अन्न टाकायचं का?" मी पाकीट त्याच्या हातात कोंबलं. ते हातात धरून तो एकदम रडायलाच लागला.

"काकू, ते खाता येणार नाही. त्याला वास लागलाय. गोळ्यांचा."

मला अर्थच लागेना. मग त्यानं सांगितलं. जंगलात जनावर पडल्यावर शार्दूलनं माझ्या पिशव्या उघडल्या आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. ऋषी म्हणाला, यात नको भरू, सगळं मांस खराब होईल, माझ्या जादा पिशव्या आहेत. शार्दूल पिशवीत तोंड घालून बसला होता बराच वेळ. मग म्हणाला, "तिनं इस्त्री केलीये रे." ऋषीचा वाटा ऋषीच्या पिशव्यांत भरला. स्वतःचा सगळा त्यानं माझ्या पिशव्यांत भरायला लावला. "पिशव्या कोऱ्या परत नेल्या तर ती विचारेल. आणि तू आयुष्यात कधी बोलायचं नाहीस."

"मेल्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या महिन्यांनी, त्या बंद गॅरेजात. "मेल्या, एका शब्दानं सांगायचं होतंस! ऋषीच्या वाट्यातला तुकडा आणला असतास, मी तोच शिजवला असता!" अकरा वर्षं वाट बघून मिळालेलं त्याचं एल्क, आणि मी ते माझ्या हातानं नासवलं. ऋषी "काकू, काकू" करत राहिला. मी त्याला घरी पाठवलं.

मग एक पाकीट आत आणलं. तीच कढई, तोच मसाला. या वेळी पदर नाकाला लावला नाही. झाकण काढलं आणि माझ्या कपाटाचं दार उघडल्यासारखा वास आला, लसणाला दाबून टाकणारा. मलासुद्धा आला. त्याच्या खुर्चीवर बसले, त्याच्याच वाटीत वाढून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा मांसाचा तुकडा तोंडात घातला. जहर होतं. जिभेला झोंबलं, घशाशी आलं, डोळ्यांतून पाणी काढलं. कसाबसा तो एक घास मी गिळला. दुसरा घास उचलायला गेले, पण उचलवेना.

त्यानं पूर्ण वाटी खाल्ली होती, आणि वर अजून मागितलं होतं.