साक्षीदार निरुत्तर

"स्टेनोबाई, शेवटचं उत्तर वाचून दाखवा."

न्यायाधीशांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सगळं कोर्ट माना वळवून तिच्याकडे पाहू लागलं. समोरच्या वहीत तिच्याच हातच्या रेघोट्या होत्या, बावीस वर्षांच्या सवयीच्या. पण तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. उजवा खांदा कानाकडे चढत गेला आणि मान तिथेच अडकली. शिपायाने पाण्याचा पेला आणून दिला, त्यातलं निम्मं पाणी तिने वहीवर सांडलं.

"बरं नाही वाटत का?" साहेबांनी विचारलं. तिला मानही हलवता येईना. शेवटी शेजारच्या कोर्टातून दुसरा स्टेनो बोलावला गेला.

बायकांवरच्या अत्याचाराचे खटले त्या कोर्टात चालत. साक्षीदार कितीही रडली तरी स्टेनोबाईंचा हात थांबत नसे. "आमच्या बाई म्हणजे मशीन," असं साहेब म्हणायचे आणि ती ते घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगायची.

आवाज चौथ्या दिवशी परत आला. खांदा मात्र उतरला नाही. हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले, पिशवीभर फोटो निघाले. सगळे रिपोर्ट स्वच्छ. हात वर जाईना म्हणून नवरा सकाळी तिचे केस विंचरून द्यायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून जन्म काढलेला माणूस. काचेची नळी धरावी तसा जपून कंगवा धरायचा.

"भांग वाकडा येतोय हो," ती आरशात बघून म्हणायची.

"गप बस. बावीस वर्षं सगळ्यांचं लिहून घेतलंस, आता माझंही ऐक थोडं."

तो हसायचा, तीही हसायची. पण तो खोलीबाहेर गेला की ती पलंगाच्या कडेला तशीच बसून राहायची. काहीच सुचायचं नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी तिला समुपदेशनाला पाठवलं. तिथली मुलगी जेमतेम तिशीची असेल. खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी, बस. पहिल्या तीन वेळा स्टेनोबाई तारीखवार, मुद्देसूद बोलल्या. मुलीने ऐकून घेतलं आणि चौथ्या वेळी म्हणाली, "बाई, तुम्ही साक्ष देताय. आज आपण जरा खांद्याला विचारू या. तो पहिल्यांदा कधी चढला होता?"

त्या दिवशीचा पाण्याचा पेला सांगायचा तिचा विचार होता. तोंडातून निघालं भलतंच, सहा वर्षांपूर्वीचं.

एकोणीस वर्षांची पोर पिंजऱ्यात उभी होती. समोरच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही आरडाओरडा का केला नाही?" पोरीने तोंड उघडलं. कठडा धरलेली तिची बोटं पांढरीफटक पडली होती आणि सलवारीतून ओघळ येऊन लाकडी पायरीवर थेंब पडत होते. साहेब उंचावर बसलेले, कठड्याने तिला कमरेखाली झाकलेलं. हे दिसत होतं फक्त खाली बसलेल्या स्टेनोबाईंना. वकिलाने तोच प्रश्न तीनदा विचारला. स्टेनोबाईंनी तीनदा लिहिलं, "साक्षीदार निरुत्तर." निकालपत्रात ते दोन शब्द जसेच्या तसे आले. आरोपी सुटला.

"एक चिठ्ठी सरकवली असती साहेबांकडे, तर त्यांनी काम थांबवलं असतं," ती म्हणाली. "नाही सरकवली. संध्याकाळपर्यंत सगळं टाइप करून द्यायचं होतं. घाई होती मला."

निघताना मुलीने तिला एका योगवर्गाचा पत्ता दिला.

वर्ग छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खालचं यंत्र सुरू झालं की फरशी थरथरायची. शिकवणारे सर पूर्वी इस्पितळात व्यायामोपचाराचे मदतनीस होते, फार कमी बोलणारे. "खांदा खाली ओढू नका," ते म्हणाले. "वर आहे ना? राहू दे. तो वर आहे, एवढंच बघत राहा." तिला वाटलं, यासाठी का जिने चढून यायचं? तरी ती जात राहिली. तिसऱ्या महिन्यात एकदा शवासनात तिचे पाय थरथरायला लागले. ती घाबरून उठू लागली, तेव्हा सरांनी तिच्या पावलांवर घडी केलेलं कांबळं ठेवलं.

"थांबवू नका. चालू दे."

किती वेळ ते चाललं कोण जाणे. संपलं तेव्हा खांदा दोन बोटं खाली आला होता आणि दोन्ही कानांत डोळ्यांतलं पाणी साचलं होतं. त्या दिवशी तिने आरशात बघून स्वतः वेणी घातली. नवरा कंगवा हातात घेऊन दारात उभा राहिला. "म्हणजे माझी नोकरी गेली," एवढंच म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत बसला.

तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. सरांकडे तीन वर्षं शिकली: श्वास कसा बघायचा, हात कुठे ठेवायचा आणि कधी अजिबात ठेवायचा नाही. मग एका महिला आधारगृहात जाऊ लागली. तिथे सगळं गोड नव्हतं. एक बाई तिच्या मनगटाला कडकडून चावली. दुसरी सहा महिने रोज यायची, चटईवर पाठ करून बसायची आणि निघून जायची. ती प्रत्येकीला प्रत्येक वेळी विचारायची, "हात ठेवू का?" कुणी "नको" म्हणालं की हात स्वतःच्या मांडीवर ठेवायची.

पिंजऱ्यातली ती पोर मात्र मनातून जाईना.

"तिला भेटायला जाऊ का?" तिने समुपदेशक मुलीला विचारलं.

"कुणासाठी?"

याचं उत्तर तिला वर्षभर सापडलं नाही. सापडलं नाही तरी शेवटी ती एका मंगळवारी खटल्यात लिहून घेतलेल्या पत्त्यावर गेलीच.

तिसऱ्या मजल्यावर, लांब गॅलरीच्या टोकाला घर होतं. दार आईने उघडलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करणारी, भाजल्याचे डाग हातभर असलेली बाई.

"मी कोर्टात लिहायला होते. तुमच्या मुलीच्या खटल्यात."

आईने दार धरूनच ठेवलं. "ती गेली. वर्ष झालं. जेवणच सोडत गेली हळूहळू." मग नीट निरखून पाहत म्हणाली, "म्हणजे ते 'निरुत्तर' तुम्ही लिहिलंत."

"हो."

"मला त्याचा अर्थ शेजारच्या मास्तरांना विचारावा लागला. त्या दिवशी घरी आल्यावर तिचे कपडे मी धुतले. तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मग?"

जिन्यात जुळवून ठेवलेलं सगळं स्टेनोबाई विसरल्या. "मग काही नाही. मी काहीच केलं नाही."

"माफीबिफी मागायला आला असाल तर माझ्याकडे नाही ती."

"नाही मागत."

आईने दार लावून घेतलं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गेली आणि गॅलरीतल्या स्टुलावर तासभर बसून परत आली. त्याच्या पुढच्याही. चौथ्या मंगळवारी आतून आवाज आला, "काय काम करता हो तुम्ही आता?" तिने दाराबाहेरूनच सांगितलं. आई कडवट हसली. "फार लवकर सुचलं." थोड्या वेळाने म्हणाली, "ती गेल्यापासून मला आडवं होता येत नाही. पाठ टेकली की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. खुर्चीतच डोळा लागतो तेवढाच."

सातव्या मंगळवारी दार उघडं होतं. आईने जमिनीवर सतरंजी घातली होती.

"माझ्याशी बोलायचं नाही. आणि साडेतीनला उठवा, चारची पाळी आहे."

"हात ठेवू का?"

"ठेवा."

स्टेनोबाईंनी तिच्या पाठीखाली, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे तळवा सरकवला. पाठ फळीसारखी कडक होती. आई दोनदा धडपडून उठून बसली, दोनदा शिव्या घातल्या, पुन्हा आडवी झाली. मग श्वास अडखळत, थांबत खाली उतरू लागला. अंगाचा भार हळूहळू तळव्यावर आला. तोंड किंचित उघडलं आणि ती घोरू लागली.

हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. साडेतीन वाजले. स्टेनोबाईंनी तो हलवला नाही. पावणेचारला मात्र इलाज नव्हता. त्यांनी वाकून अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "उठता ना? वेळ झाली."

आईने डोळे उघडले नाहीत. कूस वळवून तिने त्यांचा दुसरा हात चाचपडत शोधला, गालाखाली घेतला आणि झोपेतच म्हणाली, "उठते गं बाळा. दोन मिनिटं."

स्टेनोबाईंनी दोन मिनिटं दिली.